हाउलँड घराण्याचा वंशशोध

‘मेफ्लॉवर’ जहाजातून १६२० मध्ये अमेरिकेत आलेला जॉन हाउलँड (मृत्यू १६७३) हा अनेक अमेरिकी कुटुंबांचा मूळपुरुष. दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांची वंशावळ त्याच्यापर्यंत पोहोचते. इंग्लंडमधल्या फेनस्टँटनचा हा तरुण प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याच्या पदरी चाकर होता. वादळात तो समुद्रात फेकला गेला, पण पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागल्याने वाचला, असे त्याचा सहप्रवासी आणि पुढे वसाहतीचा गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने लिहून ठेवले आहे.

हाउलँडची पत्नी एलिझाबेथ कार्व्हरचीच मुलगी, अशी समजूत वंशजांत रूढ होती. गव्हर्नरचा जावई म्हणवून घेणे कुणाला नको असते? ब्रॅडफर्डने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचे हस्तलिखित अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात बॉस्टनमधून नाहीसे झाले होते. ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात असल्याचे १८५५ मध्ये कळले आणि पुढच्या वर्षी छापले गेले. त्यातल्या प्रवाशांच्या यादीत एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. हाउलँड पतिपत्नी लिहितेवेळी हयात, त्यांना दहा मुले, दहाही जिवंत आणि थोरल्या मुलीला चार अपत्ये, इतका तपशील तिथे मिळतो. टिली पतिपत्नी पहिल्याच हिवाळ्यात वारली होती. एलिझाबेथच्या बाप्तिस्म्याची १६०७ ची नोंद पुढे बेडफर्डशरमधल्या हेनलो गावच्या चर्चवहीत सापडली.

जुनी कागदपत्रे वाचताना सनावर नजर ठेवावी लागते. इंग्रजी वसाहतींत १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे फेब्रुवारीतला हाउलँडचा मृत्यू जुन्या गणनेने १६७२ चा, आजच्या गणनेने १६७३ चा, म्हणून तो १६७२/७३ असा लिहितात.

पहिल्या पिढ्या त्या मानाने सोप्या, कारण मृत्युपत्रांत मुलांची नावे येतात. ‘मेफ्लॉवर’च्या वंशजांच्या १८९७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पहिल्या पाच पिढ्या तपासून ग्रंथरूपात छापल्याही आहेत. खरी अडचण त्यानंतर येते. अनेक कुटुंबे न्यू इंग्लंड सोडून पश्चिमेकडे गेली, जिथे जन्ममृत्यूच्या नोंदी धड होत नव्हत्या. १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे, बाकीच्यांचे नुसते आकडे. अशा वेळी जमिनीची खरेदीखते, वारसवाटणीचे कागद आणि स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी केलेले अर्ज कामी येतात. लग्नाचा पुरावा म्हणून काही विधवांनी घरच्या बायबलमधले जन्म-विवाहाचे पानच फाडून अर्जाला जोडलेले आढळते.