खारबंदिस्ती (ठाणे खाडी परिसर)

भरतीचे पाणी बांधाने अडवून खाजण (खाडीकाठची खारी, दलदलीची) जमीन भातशेतीखाली आणण्याची ठाणे, भाईंदर, बेलापूर पट्ट्यातील जुनी पद्धत. बाहेरकाठ्यात, म्हणजे खाडीकडच्या बांधात, जागोजाग उघाड्या (दार असलेली पाण्याची तोंडे) ठेवतात. भरतीच्या रेट्याने उघाडीचे दार मिटते आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते लोटून बाहेर पडते. काही पावसाळ्यांत मीठ धुऊन गेले की जमीन भाताला लागते. लावणीऐवजी मोड आलेले बी थेट चिखलात फेकतात.

बांधाला भांडवल लागते, आणि ते घालणाऱ्याचा शब्द पाण्यावर चालतो. शिलोत्री या जुन्या जमीनधारणा पद्धतीत बाहेरचा बांध शिलोत्रीदार (बांध घालणारा हक्कदार) राखी व कुळांकडून त्यापोटी जादा धान्य घेई. याचे सर्वांत लांबलेले उदाहरण मिरा-भाईंदरचे. 1870 मध्ये ब्रिटिश सरकारने घोडबंदर, मिरा व भाईंदर ही गावे रामचंद्र लक्ष्मण यांना 999 वर्षांच्या पट्ट्याने दिली. खारे पाणी त्यांनी अडवायचे आणि कसणाऱ्यांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, असा हा व्यवहार. पुढे हे हक्क एका खासगी कंपनीकडे गेले. भात संपले, इमारती उभ्या राहिल्या, तरी बांधकामासाठी कंपनीचा ना हरकत दाखला लागतो की नाही, यावर वाद चालूच राहिला. बांधाचा हक्क बांधाहून जास्त टिकला!

उघाडीवर भांडणेही ठरलेली. भातवाल्याला खारे पाणी बाहेर हवे, मिठागरवाल्याला आत. मासळी धरणाऱ्याला दार थोडे उघडेच बरे. बांधाला खांड (भगदाड) पडली की मात्र आगरी-कोळी गाव रात्री-अपरात्री चिखल टाकायला धावे, कारण एका उधाणाने शेत पुढची काही वर्षे नापीक होते. 1948 चा खारभूमी कायदा व त्याच्या जागी आलेला 1979 चा खारभूमी विकास कायदा यांनी बांधांची जबाबदारी सरकारकडे घेतली. भार हलका झाला हे खरे, पण दुरुस्ती अंदाजपत्रक आणि टेंडर यांच्या वाटेने जाऊ लागली, आणि उधाण त्यासाठी थांबत नाही.

1970 मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले व नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. बंदिस्तीतली बरीच शेते भरावाखाली गेली, तत्त्व मात्र तेच राहिले: सखल नोडांसाठी (शहराच्या विभागांसाठी) पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव आणि खाडीच्या तोंडाशी झडपा. या तलावांत आता गाळ साचून कांदळवन वाढले आहे, आणि ते हलवायचे तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते.