मधुमेह आहे म्हणून औषधं आपोआप फुकट? तसं नाही

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: डायबेटिस किंवा थायरॉईडचं निदान झालं की एनएचएसची (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची) औषधं आपोआप फुकट. निदानाने फक्त हक्क मिळतो. सवलत मिळते ती वैद्यकीय सवलतीच्या सर्टिफिकेटने (मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट).

त्यासाठी जीपी सर्जरीत, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, एफपी९२ए हा अर्जाचा फॉर्म मागा. तुमचा भाग भरून सही करा, बाकीचं डॉक्टर किंवा सर्जरीतली अधिकृत व्यक्ती करते. सर्टिफिकेट सहसा ५ वर्षांचं असतं आणि अर्ज पोचल्याच्या महिनाभर आधीपासून लागू होतं. त्याआधीचे पैसे गेले ते गेले. सर्टिफिकेट येईपर्यंत पैसे भरताना औषधाच्या दुकानात काउंटरवरच एफपी५७ ही परताव्याची पावती मागा. ती नंतर मिळत नाही, आणि तिच्याशिवाय परतावा नाही. दावा ३ महिन्यांत करायचा.

साखर फक्त पथ्यावर सांभाळत असाल तर हक्क नाही. थायरॉईड कमी असून थायरॉक्सिन चालू असेल तर आहे; थायरॉईड जास्त असेल तर नाही. दमा आणि बीपी यादीतच नाहीत, हे खटकतं, पण नियम तसाच आहे. उलट, सर्टिफिकेट असलं की सर्दी-खोकल्याचं प्रिस्क्रिप्शनही फुकट. केवळ त्या आजाराचं नव्हे.

घर बदललंत तर पत्ता कळवा. नूतनीकरणाचं पत्र जुन्या घरी जातं, मुदत संपते, सवयीने प्रिस्क्रिप्शनवरच्या सवलतीच्या चौकटीत खूण होते आणि औषधाच्या पैशांवर १०० पौंडांपर्यंत दंड बसतो.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही भानगडच नाही. तिथे प्रिस्क्रिप्शन सगळ्यांनाच मोफत.