हलका ट्रिगर: एका स्क्रूमागचा इतिहास

नागपुरात रायफल भेटते ती कामठीच्या छावणीत, एनसीसीच्या फायरिंगला, दहा मीटरच्या रेंजवर, नाहीतर काटोल-उमरेडकडच्या एखाद्या जुन्या शिकारी घरात. रेंजवरच्या पोरांचा ट्रिगर नुसतं बोट टेकवताच सुटतो. ते पाहून घरी .315 बोअरची शिकारी रायफल असलेल्यालाही आपला ट्रिगर जड वाटू लागतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

.315 मुळात नेमबाजीसाठी नव्हतीच. लष्करी .303 खासगी माणसाच्या हाती पडू द्यायची नाही, हे इंग्रजांचं धोरण. त्यामुळे .315 चं काडतूस इथे रुजलं. पुढे इशापूरच्या कारखान्याने ली-एन्फिल्डच्याच यंत्रणेवर ही रायफल बांधली. तिचा ट्रिगर दोन टप्प्यांचा. आधी मोकळी ओढ, मग बोटाला अडथळा लागतो, त्यानंतर बार. ही मोकळी ओढ म्हणजे ढिलाई नव्हे. कॉक केलेल्या, म्हणजे ताणून ठेवलेल्या फायरिंग पिनला (काडतुसावर आदळणारी पिन) आत सियर नावाचा छोटा अडसर अडवून धरतो. त्याची पकड भरपूर ठेवायची आणि नेम धरल्यावरच ती कमी होऊ द्यायची, यासाठी ती ओढ आहे. लष्करी रायफल आपटते, चिखलात पडते. तिला एवढी पकड हवीच.

शिकाऱ्यांना मात्र एकाच टप्प्यात, काच तुटल्यासारखा सुटणारा ट्रिगर हवा होता. रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीने तो 1948 मध्ये मॉडेल 721 वर दिला, स्क्रूने जुळवता येणारा. 1962 पासून तोच मॉडेल 700 वर आला. त्यात सियर आणि ट्रिगर यांच्यामध्ये एक सुटा तुकडा होता. कचरा, घट्ट झालेलं तेल किंवा नको तितका फिरवलेला स्क्रू, यांपैकी काहीही झालं तरी तो जागेवर परतेलच याची खात्री नाही, असा आक्षेप होता. ट्रिगरला हात न लावता गोळी सुटल्याच्या तक्रारी झाल्या, खटले झाले. कंपनी दोष नाकारत राहिली. त्यातच 1982 पर्यंत सेफ्टी लावली की बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा दांडा) अडकायचा, म्हणजे रायफल रिकामी करायलाच सेफ्टी काढावी लागे! 2006 मध्ये नवा ट्रिगर आला. 2014 मध्ये तोही परत मागवावा लागला, जुळणीत जास्त लागलेल्या चिकट द्रव्यामुळे.

एअर रायफलचं वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागावा अशी अट आहे, एअर रायफलच्या ट्रिगरला खालची मर्यादाच नाही. पण तिथे नळीतून आरपार सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) असतो आणि रायफल फायरिंग लाइनवरच भरली जाते. हलक्या ट्रिगरला ही शिस्त सांभाळून घेते; शेताच्या धुऱ्यावर ती कुठून आणणार?

1959 च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीलाही परवाना लागतो. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतला ओळखीचा फिटर कितीही हुशार असला, तरी सियर घासायला त्याच्याकडे देऊ नये. परवानाधारक कारागिराकडून रायफल परत आली की ती रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट जोरात बंद करा, कॉक करून दस्ता रबरी चटईवर आपटा. पिन सुटली तर त्याच दिवशी परत न्या.