कार्यकारी स्मृती

आत्ता, या क्षणी मनात धरलेली माहिती आणि तिच्यावर चाललेली खटपट, या दोन्हींना मिळून मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. बेरजेतला हातचा लक्षात ठेवणे, लांबलचक वाक्याचे क्रियापद येईपर्यंत कर्ता हातून निसटू न देणे, ही तिची कामे. आयुष्यभराचे ज्ञान साठवणारी दीर्घकालीन स्मृती अफाट असते. तिच्यात शिरायची वाट मात्र या अरुंद दारातून जाते.

दार किती अरुंद? एका वेळी मनात मावणाऱ्या गोष्टी सात, दोन इकडे-तिकडे, असा अंदाज जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दिला. नेल्सन काउअन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. टिकाऊपणही बेताचाच. लॉइड व मार्गारेट पीटरसन यांनी १९५९ मध्ये लोकांना तीन व्यंजने ऐकवली आणि लगेच तीन-तीन वजा करत उलटे आकडे म्हणायला लावले. १८ सेकंदांत बहुतेकांच्या डोक्यातून ती व्यंजने गेली होती. ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांच्या १९७४ च्या आराखड्यात तीन भाग आहेत : ऐकलेले मनात घोळवणारे ध्वनिवलय, चित्र व जागा धरणारी एक पाटी आणि लक्ष वाटून देणारा नियंत्रक.

मोजायचे ते सुटे तुकडे नव्हेत, अर्थाचे गठ्ठे. १९४७१९५०१९६० हे बारा आकडे एरवी जड जातील. पण स्वातंत्र्य, प्रजासत्ताक आणि महाराष्ट्राची स्थापना ही वर्षे ओळखीची असली तर ते तीनच होतात. विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये हेच बुद्धिबळात दाखवले. खऱ्या डावातला पट पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी अधिक सोंगट्या जागच्या जागी मांडी. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की ही आघाडी जवळजवळ संपे. म्हणजे निष्णाताचे दार रुंद नव्हते, आतली शिदोरी मोठी होती.

त्यामुळे पाठांतर विरुद्ध समज हा आपल्याकडचा जुना वाद काहीसा फसवा आहे. सात आठे छप्पन्न तोंडात बसलेले नसेल, तर अपूर्णांकांची बेरीज करताना मूल छप्पन्न शोधण्यात गुंतते आणि मूळ उदाहरण हरवते. मराठी संख्यानामांचा भार वेगळाच. 'त्रेसष्ट' ऐकू येताना तीन आधी, साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. तोवर तीन मनात धरून ठेवायचे. 'एकोणसत्तर'मध्ये तर वजाबाकीच दडलेली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'साठ तीन' अशी वाचनाची रीत आली आणि मोठा गदारोळ झाला. तो बहुतांशी भाषेच्या अस्मितेचा होता. मुलाच्या डोक्यावरच्या ओझ्याचा मुद्दा त्यात बाजूला पडला.

ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात या ओझ्याला आकलनभार म्हटले. बीजगणितात नवशिक्यांना नुसती उदाहरणे सोडवायला टाकण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर ते लवकर शिकतात, असे त्यांना आढळले. विषयात मुरलेल्यांना मात्र तीच पायरीवार मदत अडचण ठरू लागते. शिक्षकाने हात कधी सोडायचा, हा खरा अवघड प्रश्न.

टिकाऊ शिकायचे तर या दारात आलेल्या माहितीवर मनाने स्वतः काम करावे लागते. या सक्रिय प्रक्रियेचा अर्थ वर्गातली हालचाल असा नव्हे. कागद कापून, चिकटवूनही मन रिकामे राहू शकते आणि गप्प बसलेले मूल आतून झटत असू शकते. फर्गस क्रेक व एंडेल टल्व्हिंग यांच्या १९७५ च्या प्रयोगांत शब्दाच्या अक्षरांकडे पाहणाऱ्यांपेक्षा त्याच्या अर्थाचा विचार करणाऱ्यांना तो अधिक आठवला. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचताना येते-येतेसे वाटते. ते वाटणे परीक्षेपर्यंत टिकत नाही.

कार्यकारी स्मृतीच वाढवून देण्याचा दावा करणारे संगणकीय खेळही निघाले. मुले त्या खेळांत तरबेज होतात. पण त्याने वाचन किंवा गणित सुधारल्याचा भक्कम पुरावा, २०१३ मध्ये मोनिका मेल्बी-लेर्वोग व चार्ल्स हुल्म यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा, मिळाला नाही.