प्लॅस्टिकच्या तुकड्याला कुपा का भुलतो?

भाचा मित्राच्या शिडाच्या बोटीवरून गोव्याहून कोचीला गेला. बंदराला लागल्यावर त्याचा फोन आला, "मामा, वाटेत ट्रॉलिंग केलं, एक कुपा लागला!" कुपा म्हणजे ट्यूना मासा. शेजारी बसलेली आमची ताई दचकलीच. ट्रॉलरवर कारवाई झाल्याच्या बातम्या तिने पेपरात वाचलेल्या. "कशाला त्या भानगडीत पडलास रे?"

चूक ताईची नाही, आपल्या लिपीची आहे. इंग्रजीत trawling आणि trolling हे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत आपण दोन्ही सारखेच लिहितो. ट्रॉलर भलंमोठं पिशवीसारखं जाळं ओढत नेतो, पुष्कळदा थेट तळावरून. भाच्याने केलं ते म्हणजे बोटीमागे दोर सोडायचा, टोकाला गळ आणि खोटं आमिष लावायचं आणि आपला प्रवास चालू ठेवायचा. (तिसरं ट्रॉलिंग फेसबुकवर चालतं, ते इथे नको.)

माझं कुतूहल वेगळंच होतं. आमिष कसलं, तर प्लॅस्टिकचं डोकं आणि त्याला रबरी झिरमिळ्या. ना वास, ना चव. सोलापूरहून समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या वर. आमच्याकडे गळ म्हणजे उजनीच्या काठावर कणकेची गोळी लावून तासभर बसणं. तिथे मासा हुंगतो, चाखतो, मग फसतो. इथे ताशी ११ किलोमीटर वेगाने पळणाऱ्या रबरावर कुपा झेप का घेतो?

एक उत्तर सोपं आहे. कुपा, सुरमई हे डोळ्यांनी शिकार करणारे मासे. खालून वर पाहणाऱ्या माशाला पाण्याबाहेरचं अख्खं आकाश साधारण ९७ अंशांच्या गोल खिडकीत दाबून बसवलेलं दिसतं. प्रकाशाचं वक्रीभवन, दहावीतलंच. त्या उजेडावर आमिषाची काळी आकृती उमटते. पाठीमागून प्रकाश असला की रंग असाही फारसा कळत नाही. शिवाय पाणी तांबडा रंग आधी गिळतं, दहाएक मीटरवर लाल वस्तू काळपट दिसू लागते. त्यामुळे 'हमखास मासा लागणारा' अमुक रंग म्हणून जी महागडी आमिषं विकतात, त्यांतले बरेच रंग गिऱ्हाईक पकडण्यासाठी असतात, असं माझं मत आहे.

पण मला खरी भुरळ घातली ती पार्श्वरेषेने. मासळी बाजारात रोहू घ्याल तेव्हा कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ बघा. तिच्यावर चाळिसेक खवले असतात आणि त्यांतून एक नळी जाते. चिलापीची रेघ मधेच तुटून दोन तुकड्यांत असते. बर्फातून आलेल्या सुरमईची रेघ पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या मागे एकदम खाली वळते. ही रेघ म्हणजे पाण्याची हालचाल टिपणारं इंद्रिय. नळीत ठरावीक अंतरावर जेलीसारख्या टोप्या, टोपीखाली केसपेशी. पाणी हललं की टोपी झुकते आणि केस वाकतात. उंच केसाच्या दिशेने वाकले तर मेंदूकडे संदेश वाढतात, उलट वाकले तर कमी होतात. निम्म्या पेशींचं तोंड एकीकडे, निम्म्यांचं दुसरीकडे, म्हणून दिशाही कळते. तुमच्या-माझ्या आतल्या कानात अशाच केसपेशी आहेत!

आता आमिषाकडे या. पंढरपूरच्या पुलावरून भीमेच्या वाहत्या पाण्याकडे बघा. खांबामागे एक भोवरा डावीकडून सुटतो, एक उजवीकडून. वाऱ्यात तारा गुणगुणतात तेही याच कारणाने. १८७८ साली स्ट्रूहाल या झेक शास्त्रज्ञाने त्याचं गणित बसवलं. वेगाला जाडीने भागा, ०.२ ने गुणा, की सेकंदाला किती वेळा हे घडतं ते कळतं. शिडाची बोट ६ नॉटने चालली, म्हणजे सेकंदाला ३.१ मीटर. आमिषाचं डोकं २ सेंटिमीटर धरा. ३.१ भागिले ०.०२ म्हणजे १५५, गुणिले ०.२ म्हणजे ३१. आमिष काही गोल खांब नाही, तेव्हा आकडा ढोबळ आहे. पण पार्श्वरेषेला काही हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा) शंभर-दोनशे हर्ट्झपर्यंतच्या हालचाली कळतात, आणि ३१ त्यात आरामात बसतो.

थोडं किचकट, पण सांगतोच. शेपटी मारत पोहणाऱ्या माशामागचे भोवरे आणि ओढल्या जाणाऱ्या वस्तूमागचे भोवरे एकमेकांच्या उलट फिरतात, कारण मासा पाणी मागे ढकलतो आणि ओढली जाणारी वस्तू ते सोबत खेचते. म्हणजे आमिषाची नक्कल सदोषच असते. तरी खपते. भोवऱ्यांच्या वाटेने माग काढता येतो हे मात्र पक्कं आहे. युरोपातला वेल्स हा मिशाळ मासा पूर्ण अंधारात, दहा सेकंदांपूर्वी गेलेल्या गप्पीच्या मागाने जाऊन तिला गाठतो, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. समुद्रातल्या कुप्याला लांबून दिसतं ते डोळ्यांनीच. पार्श्वरेषेची पोच अंगाच्या एक-दोन लांबींएवढी, म्हणून ती कामी येते शेवटच्या झेपेत.

भाच्याच्या बोटीवर केळी न्यायला बंदी होती. केळं असलं की मासा लागत नाही, बोटीवरही संकट येतं म्हणे, जगभरचे मासेमार हे मानतात. करमाळ्याच्या कंदरची केळी कंटेनर भरभरून समुद्रमार्गे परदेशी जातात, ती जहाजं बुडाली असं काही ऐकिवात नाही. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी डझनभर घेऊन जा आणि नोंद ठेव.

मासा लागल्यावर शिडाच्या बोटीची अडचण अशी की तिला ब्रेक नाही. पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग ६ नॉटचा ३ केला की तीच ओढ चौथाईवर येते. म्हणून आधी शीड उतरवायचं, मग दोराला हात लावायचा. भाच्याने उलट केलं. तळहातावरचे दोराचे वळ त्याने ताईला अजून दाखवलेले नाहीत.