कोडाला जोडीचं औषध का लागतं

चोपड्याच्या माझ्या मावशीच्या नडगीवर कोडाचा रुपयाएवढा पांढरा चट्टा उठला, तेव्हा सहा महिने तिनं तो कुणाला कळूच दिला नाही. पातळ घोट्यापर्यंत, त्यामुळे झाकलं जायचं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं बाजारातून बावची आणली, वाटून लेप लावला आणि मे महिन्यातल्या भर दुपारी ओट्यावर पाय उन्हात धरून अर्धा तास बसली. त्या दिवशी काहीच जाणवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नडगीवर पाण्यानं टरारलेला लिंबाएवढा फोड. तो फुटला, कातडी निघाली, आणि रुपयाएवढा चट्टा तळहाताएवढा झाला.

बावची खोटी नाही. तिच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते पेशीतल्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये जाऊन बसतं आणि अंधारात गप्प राहतं. उन्हातले यूव्हीए किरण (अतिनील किरणांचा एक प्रकार) पडले की तेच द्रव्य ते दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं. हे बेतानं झालं तर त्वचेतल्या रंगपेशी जाग्या होतात, बेताबाहेर गेलं तर कातडी भाजते. ही भाजणूक लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी वर येते. म्हणून मावशी ओट्यावर निवांत बसू शकली. नाईलच्या खोऱ्यातल्या अशाच एका वनस्पतीतलं सोरालेन वापरून इजिप्तच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४८ मध्ये कोडावरच्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. तोच उपचार आज ‘पुवा’ म्हणून ओळखला जातो. त्यात औषध मोजून देतात आणि किरणही मोजून देतात. घरच्या लेपात दोन्ही अंदाजपंचे असतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अंदाज चुकला की किंमत मोठी पडते.

या गोष्टीत मला भावते ती वेगळीच बाब. कोडावरच्या सगळ्यात जुन्या उपचारांपैकी हा एक, आणि तो मुळातच जोडीचा आहे. सोरालेन घेऊन अंधारात बसलात तर उपयोग शून्य. नुसत्या उन्हाचाही फारसा उपयोग नाही. आज डॉक्टर मलम, गोळ्या आणि ‘लाइट’ अशी चिठ्ठी लिहून देतात तेव्हा पुष्कळांना वाटतं की उगाच खर्च वाढवलाय. तसं का नाही, हे समजून घ्यायला रोग आत काय करतो ते पाहावं लागतं.

कोड हा रक्त बिघडल्याचा रोग नाही, दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याचाही नाही. मावशीनं वर्षभर आंबट सोडलं, हिवाळ्यात भरीताची वांगी भाजली जायची तेव्हा उठून आत जायची. त्या पथ्याला पुरावा नाही. होतं असं की शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या टी-पेशी आपल्याच रंगपेशींना शत्रू समजून मारतात. हल्ला सुरू झाला की गॅमा इंटरफेरॉन नावाचा निरोप सुटतो, त्वचा तो ऐकून आणखी टी-पेशींना बोलावते, आणि चट्टा कडेनं पसरत जातो. जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना हा रोग आहे. तो शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. कुष्ठरोगाशी त्याचं काही नातं नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श बऱ्याचदा कळत नाही, कोडाच्या चट्ट्यावर मुंगी चाललेलीसुद्धा कळते. गावात अजून सोयरीक मोडते ती या दोन रोगांची सरमिसळ केल्यामुळे, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

म्हणजे कामं दोन आहेत. हल्ला थांबवायचा, आणि मेलेल्या रंगपेशींच्या जागी नव्या आणायच्या. पहिलं झालं की दुसरं आपोआप होतं, असं बराच काळ गृहीत धरलं जायचं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासानं त्याला धक्का दिला. दहा रुग्णांना टोफासिटिनिब हे औषध दिलं होतं, ते गॅमा इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आतच अडवतं. पाच जणांचा रंग थोडाफार परतला, पण जिथं ऊन लागत होतं किंवा मशीनचा हलका उजेड दिला होता तिथंच. कपड्याखालचे चट्टे जसेच्या तसे. संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांवर बारीक फोड उठवून त्यातलं पाणी तपासलं. हल्ला दोन्हीकडे मंदावला होता! औषधानं आपलं काम दोन्ही ठिकाणी केलं होतं, रंग मात्र उजेडाच्या जागीच आला. रुग्ण दहाच होते हे खरं, पण दोन कामं वेगळी आहेत हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही.

नव्या रंगपेशी येतात कुठून? केसाच्या मुळातून. तिथं रंगपेशींचं बियाणं राखून ठेवलेलं असतं आणि टी-पेशींचा हात तिथवर सहसा पोचत नाही. आपल्याकडे चोपडा, यावल, रावेरच्या माणसाला हे सांगायला वेळ लागत नाही. केळीचा घड कापला, खोड गेलं, तरी जमिनीतला कंद जिवंत असतो आणि त्यातून पील फुटतो. त्वचेवर उजेड पडला की केसाच्या मुळातून रंगपेशींचे पील निघतात, वर चढतात आणि केसाभोवती तपकिरी ठिपका उमटतो. ठिपके वाढत एकमेकांना मिळतात. जिथं कंदच नाही तिथं पील कुठून येणार? बोटांची टोकं, ओठ, तळहात इथं केस नाहीत, म्हणून तिथला रंग हट्टी. चट्ट्यावरचे केसही पांढरे झाले असतील तर बियाणं संपत आल्याची ती खूण असते.

आता तुलनेकडे येऊ. ब्रिटनमधल्या ‘हाय-लाइट’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ५१७ जण, तीन गट. एका गटाला स्टेरॉइडचं मलम आणि खोटा उजेड, दुसऱ्याला खरा उजेड आणि खोटं मलम, तिसऱ्याला दोन्ही खरे. उजेड म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी, अतिनील किरणांचाच एक अरुंद पट्टा, हातात धरायच्या छोट्या यंत्रानं घरच्या घरी एक दिवसाआड द्यायचा. नऊ महिन्यांनी ‘चट्टा आता पुष्कळच कमी दिसतो किंवा दिसतच नाही’ असं सांगणारे नुसत्या मलमाच्या गटात १७ टक्के, नुसत्या उजेडाच्या गटात २२ टक्के आणि जोडीच्या गटात २७ टक्के होते. जोडी नुसत्या मलमापेक्षा सरस ठरली. पण २७ टक्के म्हणजे चारातला एक, हेही तितकंच खरं. ‘महिन्यात गुण, नाहीतर पैसे परत’ अशा पाट्या लावणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

चेहरा आणि मानेला सगळ्यात चांगला गुण येतो. तिथं स्टेरॉइडनं कातडी पातळ होण्याची भीती असते, म्हणून टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम आणि उजेड ही जोडी मला शहाणपणाची वाटते. मलम उजेडाच्या आधी थापू नये, किरण अडतात. चट्टे भराभर पसरत असतील तर आधी आग विझवावी लागते. त्यासाठी आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस स्टेरॉइडची गोळी देण्याची पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये रुळली, तिच्यासोबतही उजेड देतात. रक्सोलिटिनिब हे नवं मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये मंजूर झालं. मोठ्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी साधारण ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचा तीन चतुर्थांश तरी रंग परतला. शस्त्रक्रिया, म्हणजे धडधाकट त्वचेतल्या रंगपेशी चट्ट्यावर लावणं, रोग वर्षभर तरी जागच्या जागी थांबलेला असेल तरच.

आपल्याकडची अडचण विज्ञानात कमी आणि एसटीच्या वेळापत्रकात जास्त आहे. किमान ७२ वेळा उजेड घेतल्याशिवाय ‘गुण नाही’ म्हणू नये, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. आठवड्यातून तीनदा घेतला तर २४ आठवडे, दोनदा घेतला तर ३६. मशीन जळगाव-धुळ्यात. धडगावच्या किंवा रावेरच्या मजुराला प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडवून यायचं. दुसऱ्या महिन्यात, म्हणजे ठिपके दिसायच्या ऐन बेताला, माणूस थकून घरी बसतो आणि दोष औषधाला लागतो. म्हणूनच घरी वापरायच्या यंत्रांचा प्रश्न मला नव्या मलमांपेक्षा मोठा वाटतो. अर्थात ब्रिटनमध्येही यंत्र घरी असून पुष्कळांना नेटानं जमलं नाही, आणि काहींची कातडी भाजली. शिकवणारं माणूस सोबत लागतंच.

दुसरी अडचण, रंग आल्यावर टिकवायची. टी-पेशींची एक तुकडी बऱ्या झालेल्या चट्ट्यातच मुक्काम ठोकून राहते. उपचार थांबले की जुनी ओळख काढून पुन्हा हल्ला करते, तोही त्याच जागी. फ्रान्समध्ये ३५ रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासात, रंग परतलेल्या जागी आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावत राहिलेल्यांत सहा महिन्यांत सुमारे १० टक्के चट्टे परतले, औषध नसलेलं खोटं मलम लावणाऱ्यांत ४० टक्के. आठवड्यातून दोन वेळा बोटभर मलम, एवढ्यावर हा फरक!

मावशी आठवड्यातून दोनदा तापी ओलांडून जळगावला जात राहिली. मोमेटासोन या स्टेरॉइडचं मलम एक आठवडा लावायचं, एक आठवडा सोडायचं, सोबत उजेड. परकराची नाडी घट्ट बांधणं डॉक्टरांनी बंद करायला लावलं, कारण सततच्या घासण्यानं नवा चट्टा उठू शकतो. तिच्या पन्नासाव्या खेपेच्या सुमारास मी शाळेतलं भिंग घेऊन गेले. ओट्यावरच बसलो, या वेळी सावलीत. चट्ट्याच्या वरच्या कडेला तीन तपकिरी ठिपके होते, मोहरीएवढे. प्रत्येकाच्या बरोबर मधून एक बारीक काळा केस निघालेला. शेजारीच एक पांढरा केस होता, त्याच्याभोवती काहीच नव्हतं. मावशीनं भिंग माझ्या हातातून घेतलं आणि चौथा ठिपका शोधू लागली.