विंडोज ९८ला आजच्या इंटरनेटवर आणताना

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या जुन्या वर्कशॉपमध्ये, शहरातल्या छापखान्यांत किंवा घरच्या माळ्यावर पिवळी पडलेली, विंडोज ९८वर चालणारी एखादी सीपीयूची पेटी अजून सापडते. ती भंगारात गेलेली नसते, कारण तिच्यात अडकलेले काहीतरी असते. सीएनसी यंत्राला (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्राला) सिरियल पोर्टवरून प्रोग्रॅम पाठवणारे सॉफ्टवेअर तिच्यावरच चालते. किंवा वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल आणि स्मरणिका तिच्यात असतात आणि त्या ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप झाल्या त्याचा डोंगल (सॉफ्टवेअर उघडणारी किल्लीसारखी डबी) जुन्या पॅरलल पोर्टलाच लागतो. अशी पेटी नेटवर्कवर आणता येते. ती मंद आहे म्हणून इंटरनेट चालत नाही, हा समज चुकीचा आहे. अडते ते दुसरीकडे.

पण आधी पेटी जिवंत करायची. पावसाळाभर माळ्यावर राहिलेली पेटी खाली आणून लगेच बटण दाबू नका. दोन दिवस कोरड्या खोलीत झाकण उघडून ठेवा. मग मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी नळकांडी, पाहा. डोके सपाट असेल तर ठीक, फुगलेले किंवा तपकिरी ओघळ आलेले असेल तर ते बदलल्याशिवाय वीज द्यायची नाही. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते, आणि प्लग काढल्यावरही तो भार आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो.

मदरबोर्डचे घड्याळ चालवणारी नाण्याएवढी सीआर २०३२ सेल मोजून पाहा. ती ३ व्होल्टची असते, २.७च्या खाली गेली असेल तर नवी बसवा. ३८६, ४८६च्या काळातल्या बोर्डांवर मात्र पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते आणि ती गळून तांब्याच्या रेघा खाते. हिरवट थर दिसला तर बॅटरी कापून काढावी, जागा व्हिनेगरने पुसावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्यावी.

मूळ हार्ड डिस्कवर प्रयोग करू नये. तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या मशीनवर काढावी आणि आयडीई (जुन्या डिस्कच्या जोडणीच्या) अडॅप्टरमध्ये बसवलेल्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डवर काम करावे. ८ किंवा १६ जीबी भरपूर होते. मोठी डिस्क लावण्याचा मोह टाळा: विंडोज ९८चा डिस्क ड्रायव्हर २८ बिटांचा पत्ता वापरतो, त्यामुळे १३७ जीबीच्या पुढचा भाग त्याला ओळखताच येत नाही आणि तिथे लिहायला गेला तर सुरुवातीचा डेटा पुसला जाऊ शकतो. रॅमचेही तसेच. ५१२ एमबीच्या पुढे गेले की डिस्क-कॅश, म्हणजे डिस्कवरचा डेटा तात्पुरता रॅममध्ये ठेवणारी सोय, स्वतःसाठी मेमरीचे इतके पत्ते राखून ठेवते की बाकीच्यांना उरत नाहीत, आणि भरपूर रॅम असतानाही 'मेमरी पुरेशी नाही' असा संदेश येतो. सिस्टीम डॉट आयएनआय या फाइलमध्ये कॅशला मर्यादा घालता येते, पण २५६ एमबी ठेवणे सर्वांत सोपे.

आता नेटवर्क. रियलटेक ८१३९ चिपचे पीसीआय लॅन कार्ड शोधा. जुन्या पार्टच्या दुकानात ते सहज मिळते आणि विंडोज ९८साठी त्याचा ड्रायव्हर आहे. पेनड्राइव्ह चालणार नाही, कारण विंडोज ९८ला पेनड्राइव्ह म्हणजे काय हे मुळात माहीत नसते. ड्रायव्हर साध्या सीडी-आरवर, कमी वेगाने लिहून (बर्न करून) द्या. जुने सीडी ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाहीत आणि पुनर्लेखनाच्या सीडीलाही कुरकुरतात. कार्ड बसवताना विंडोज आपली मूळ सीडी पुन्हा पुन्हा मागते, म्हणून त्या सीडीवरचा विन ९८ फोल्डर आधीच सी ड्राइव्हवर उतरवून ठेवला की निम्मी डोकेदुखी संपते.

वाय-फायच्या मागे लागू नका. आजच्या राउटरची डब्ल्यूपीए २ सुरक्षा विंडोज ९८ला स्वतःहून कळत नाही, आणि जुन्या पेटीसाठी घरच्या राउटरची सुरक्षा उतरवणे हा शुद्ध धोका आहे. सरळ केबल लावा. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क उघडून टीसीपी/आयपीला पत्ता आपोआप घ्यायला सांगा, रीस्टार्ट करा आणि 'रन'मध्ये विनआयपीसीएफजी चालवा. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरशी बोलणे झाले. १६९.२५४ने सुरू होणारा दिसला तर राउटरकडून उत्तरच आलेले नाही, तेव्हा केबल, कार्डावरचा दिवा आणि ड्रायव्हर या क्रमाने तपासा. कंट्रोल पॅनेलमधल्या त्याच नेटवर्कच्या खिडकीत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'ची टीसीपी/आयपीशी असलेली जोडणी काढून टाका.

इथपर्यंत सगळे जमते. पिंगला (जोडणी तपासणाऱ्या आज्ञेला) उत्तर येते. पण इंटरनेट एक्सप्लोररमध्ये कोणतीही साइट उघडली की 'पान दाखवता येत नाही' हेच. लोक पुन्हा केबल हलवतात, पण दोष केबलचा नसतो.

आजची जवळजवळ प्रत्येक साइट आधी कुलूप लावते, मग बोलते. त्या कुलपाची भाषा म्हणजे टीएलएस. सुरुवातीला ब्राउझर सांगतो, मला अमुक पद्धती येतात, आणि सर्व्हर त्यांतली एक निवडतो. विंडोज ९८वर चालणाऱ्या शेवटच्या एक्सप्लोररला, म्हणजे सहाव्या आवृत्तीला, १९९९च्या टीएलएस १.० पर्यंतचेच येते, आणि तेही मुळात बंद ठेवलेले असते. सर्व्हर आता २००८ची १.२ किंवा २०१८ची १.३ आवृत्ती मागतात, १.० आणि १.१ मार्च २०२१मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या. दोघांची एकही समान भाषा नाही, म्हणून सर्व्हर फोन ठेवून देतो. त्यात भर म्हणजे कोणावर विश्वास ठेवायचा याची विंडोजजवळची यादी जुनी आणि तिच्यातली कित्येक प्रमाणपत्रे, म्हणजे साइटची ओळख पटवणारे डिजिटल दाखले, मुदत संपलेली. सेल मेल्यामुळे तारीख १९८०वर गेली असेल तर उरलेलीही 'अजून लागू झालेली नाहीत' असे ठरते.

उपाय म्हणजे मध्ये दुभाषा बसवणे. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') किंवा लिनक्स घातलेला जुना लॅपटॉप त्याच राउटरला जोडा आणि त्यावर वेबवन हा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्रॅम, चालवा. तो बाहेरच्या जगाशी नव्या टीएलएसमध्ये बोलतो आणि आतल्या पेटीला साधे, बिनकुलपाचे पान देतो. विंडोज ९८मध्ये इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, लॅन सेटिंग्ज इथे पायचा पत्ता आणि पोर्ट ८०८० भरायचा. पत्ते https ऐवजी साध्या http ने सुरू करून टाइप करा. वीज गेल्यावर एक गोष्ट हमखास होते: पायमध्ये घड्याळाची सेल मुळात बसवलेली नसते, तो राउटरच्या आधी सुरू होतो आणि मागच्या वेळेवर अडकतो, मग प्रमाणपत्रे नाकारतो. राउटर वर आल्यावर पाचेक मिनिटे थांबा, वेळ जुळली की सुरळीत होते.

पेटी आणि पाय यांच्यातला मजकूर उघडा जातो. म्हणून बँक, मेल किंवा पासवर्ड लागणारे काहीही इथे करायचे नाही. विंडोज ९८ला शेवटची सुरक्षा-दुरुस्ती जुलै २००६मध्ये मिळाली. बाहेरच्यांना थेट पेटीपर्यंत येऊ देणाऱ्या राउटरवरच्या सोयी, पोर्ट फॉरवर्डिंग आणि डीएमझेड, बंद ठेवा. सीएनसी यंत्राला जोडलेली पेटी तर इंटरनेटपर्यंत नेऊच नये, पायशी जोडून तिथेच थांबवावी. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तेव्हा दुरुस्ती न केलेल्या विंडोजमुळे कारखान्यांच्या उत्पादन-ओळी बंद पडल्या होत्या.

मराठी वाचकाची अडचण यानंतर सुरू होते. इंग्रजी पान दिसते, मराठी पानावर मात्र चौकोन. विंडोज ९८मध्ये देवनागरी जुळवणारी यंत्रणा मुळात नाही, ती विंडोज २०००पासून आली. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत, 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. 'क्ष', 'र्य' यांची जोडणीही मांडताना करायची असते. नुसता फाँट टाकून हे होईलच असे नाही.

त्यावर डब्ल्यूआरपी हा प्रोग्रॅम आहे. तो पायवर खरा क्रोमियम ब्राउझर उघडतो, पानाचे चित्र काढतो आणि ते चित्र जुन्या ब्राउझरला पाठवतो. चित्रावर क्लिक केले की ती क्लिक पुढे पोहोचते. त्याला प्रॉक्सी म्हणून भरायचे नाही, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता साइटसारखा उघडायचा. दोन्ही प्रोग्रॅम पोर्ट ८०८०च घेतात, तेव्हा एकाचा बदला. चित्रातही चौकोनच आले तर पायवर देवनागरी फाँट नाही असे समजावे आणि लोहित किंवा नोटो देवनागरी बसवावा. मग १९९८च्या पडद्यावर जोडाक्षरांसकट मराठी स्वच्छ दिसते. हे काम पाहण्यासारखे आहे.

उरल्या त्या अडकलेल्या फाइली. विंडोज ९८चे फाइल-शेअरिंग आजच्या संगणकांनी बंद केलेले आहे, ते पुन्हा चालू करू नका. पायवर एफटीपी (फाइली देण्याघेण्याच्या जुन्या पद्धतीचा) सर्व्हर चालवा आणि विंडोज ९८च्या काळ्या खिडकीतली एफटीपी आज्ञा वापरा. पाठवण्याआधी बायनरी ही आज्ञा टाइप करणे विसरू नका. नाहीतर ती प्रत्येक फाइल साधा मजकूर समजते, ओळ संपल्याच्या खुणा बदलल्या जाऊ शकतात आणि पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची फाइल पोहोचूनही उघडत नाही. दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळला पाहिजे. जुन्या फाँटमध्ये 'क' हा एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो आणि प्रत्येक फाँटमध्ये ती जागा वेगळी असते, म्हणून फाँटचे नेमके नाव फाइलसोबत लिहून ठेवा आणि युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार, 'श्र', 'ळ' आणि आकडे मूळ छापील प्रतीशी ताडून घ्या. चुका बहुधा तिथेच निघतात.